नाव ठेवणारी बाई

हिर्डोशीत सौदामिनी खासनीस कुठं भेटतील असं विचारलं तर माणूस डोकं खाजवेल. 'नाव ठेवणारी बाई' म्हटलं की लगेच ओळख पटते. भोरहून एसटीनं येतात, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, आणि गाडीतून उतरल्या उतरल्या कुणाचं ना कुणाचं काहीतरी चुकलेलं त्यांना दिसतं. फुलांना नावं ठेवतात तशी माणसांनाही ठेवतात, असं गावाचं म्हणणं. ते काही मायेनं म्हटलेलं नव्हतं.

भोरातही त्यांच्याबद्दल फारसं गोड कुणी बोलत नसे. तिथल्या कॉलेजात बाईंनी निवृत्त होईपर्यंत वनस्पतिशास्त्र शिकवलं. त्यांच्या प्रॅक्टिकलला पोरं देवाला नारळ बोलून येत. शेजारच्यांनी वास्तुशांतीच्या दिवशी हौसेनं फाटकापाशी गुलमोहर लावला, तर जेवणाच्या पंगतीत बाई म्हणाल्या, "मादागास्करचं झाड आणून लावलंत. सह्याद्रीत झाडं संपली होती का?" त्या दिवसापासून त्या घराशी बोलणं बंद. त्यांचे यजमान गंगाधरराव कोर्टात नाझर होते. दोन्ही बाजू ऐकून घ्यायची त्यांना आयुष्यभराची सवय, पण घरी एकच बाजू असे. ते मुकाट्यानं ताक पीत आणि पेपर वाचत.

नोकरीची शेवटची वर्षं होती तेव्हा वरंधा घाटाकडं नेलेल्या सहलीत बाईंना तो तेरडा दिसला. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला काळा कातळ आहे. पावसात त्यावरून पाणी पाझरतं आणि भेगाभेगांतून तेरडा उगवतो. पांढरा तेरडा काही नवलाचा नव्हे. पण बाईंनी पान बोटांत धरलं आणि त्या थांबल्या. पानाला मऊ लव होती. फुलामागची शेपटी, जिच्यात मध असतो, ती नेहमीच्या तेरड्यासारखी लांब वळलेली नव्हती. आखूड होती, उंदराच्या पिल्लाच्या शेपटासारखी. पोरं खाली बसमध्ये भेळ खात बसली आणि बाई कातळावर गुडघे टेकून भिंगातून बघत राहिल्या.

पुढं त्यांनी रीतसर सगळं केलं. पुण्यात जाऊन वाळवलेले जुने नमुने एकेक करून पाहिले, परदेशातल्या संग्रहालयांकडून फोटो मागवले, फुलं उकलून चित्रं काढली. शेवटी एका नियतकालिकात त्यांचा लेख आला आणि त्या तेरड्याला नाव मिळालं, इम्पेशन्स हिर्डोशिएन्सिस. नियमाप्रमाणं नावापुढं ते नाव देणाऱ्याचं आडनाव लागतं. तिथं खासनीस लागलं. भोरच्या बातमीदारानं पेपरात बातमी दिली आणि फोटो मात्र पिवळ्या सोनकीचा छापला. बाईंनी फोन करून त्याला असं झापलं, की पुढं कुठल्याही फुलाची बातमी आली की तो दुसऱ्याकडं ढकलायचा.

त्यानंतरच्या भाद्रपदात बाई आपल्या तेरड्याला बघायला एकट्या निघाल्या. देवघर धरणाच्या कडेकडेनं एसटी गेली, बाई उतरल्या, आणि चढणीला लागणार तोच वरून बायका येताना दिसल्या. डोक्यावर पदर, हातात तांब्या, आणि कवेत मुळासकट उपटलेला पांढरा तेरडा. तो गौरी आणायचा दिवस होता.

"हे कुठून आणलं?" बाईंनी पुढच्या बाईला अडवलं.

ती मंगल. कातळाखाली तिचं घर आणि भाताची खाचरं. नवरा एमआयडीसीत कामाला, त्यामुळं शेती, म्हसरं, सासू सगळं तिच्याच अंगावर. अंगानं काटक, बोलायला फटकळ.

"कुठनं म्हंजे? कातळावरनं," मंगल म्हणाली. "गौर हाय ती. तोंडात पानी धरून आनायची असती, बोलायचं नसतं. तुमच्यापायी थुकलं म्या पानी."

"अगं, जगात हा तेरडा फक्त इथं आहे. नवीन जात आहे ती. तुम्ही बायकांनी मुळासकट उपटून आणला? अक्कल गहाण ठेवलीत काय?"

मंगलनं कवेतला तेरडा सावरला. "आमची थोरली गौर तांबड्या तेरड्याची, धाकटी पांढऱ्याची. माझी सासू हितनंच आनायची, तिची सासू बी हितनंच. तुमी काल नाव ठिवलं म्हंजे तुमचा झाला व्हय?"

"नाव ठेवलं म्हणजे त्याला कुणीतरी वाली मिळाला."

"मग वाली हायसा तर जावा घिऊन, तुमच्या दारात लावा," मंगल म्हणाली आणि पाणी भरून घ्यायला पुन्हा ओढ्याकडं वळली. तिच्या मागच्या बायका एकमेकींकडं बघत राहिल्या. गौरीच्या वाटेवर कुणी कुणाला असं अडवलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं.

बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्यांनी वनखात्यात अर्ज टाकला, पाठपुरावा केला, साहेबांच्या खुर्चीसमोर तासन्‌तास बसल्या. पुढच्या पावसाळ्याआधी कातळाच्या तोंडाशी हिरवा बोर्ड लागला. दुर्मिळ वनस्पती, तोडण्यास सक्त मनाई. त्या वर्षीच्या गौरीला वनखात्याच्या गार्डनं बायकांना बोर्डापासून मागं फिरवलं. मंगलच्या घरात धाकटी गौर बाजारच्या शेवंतीची बसली. मंगलची म्हातारी सासू देवघरापुढं बसून राहिली, जेवली नाही. मंगलनं ते मनात ठेवलं.

मग गावानं बाईंना दारं लावली. उन्हातून चालत आलेल्या बाईला कुणी पाणी विचारीना. वाटेत माणसं भरत जाणारी वडापची जीप त्यांना बघून वेग वाढवी. मंगलच्या अंगणातून कातळाची वाट जायची, तिथं तिनं काट्या टाकल्या आणि कुत्रा मोकळा सोडला. बाई लांबचा वळसा घालून, बांधावरून घसरत वर जायच्या. घसरल्या की खालून कुणीतरी हसायचं. त्या वर पोचून भिंगातून बघायच्या, मोजमाप करायच्या आणि तशाच घसरत परत यायच्या. गंगाधरराव एकदा म्हणाले, "जरा सबुरीनं घ्यावं." बाई म्हणाल्या, "तुमच्या कोर्टात सबुरीनं घेतलेले खटले अजून चालू आहेत."

अशात शार्दूलचा फोन आला.

शार्दूल भोरचाच, बाईंचा विद्यार्थी. हुशार होता, पण हाताचा आळशी. दुसऱ्या वर्षाला असताना त्यानं बुरशी आलेला नमुना कागदावर चिकटवून आणला, तेव्हा बाईंनी तो सगळ्या वर्गासमोर टराटरा फाडला होता. आता तो पुण्यात तेरड्यांवर पीएच.डी. करत होता. त्याला बाईंच्या कपाटातले नमुने बघायचे होते.

"कशाला?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, तुमच्या जातीबद्दल मला थोडी शंका आहे. समोरासमोर बोलावं म्हटलं."

"तुला शंका यायला अभ्यास लागतो. तेरड्याचा रंग तीन दिवस, तुझी चिकाटीही तेवढीच. माझ्याकडचं काही मिळणार नाही." आणि त्यांनी फोन ठेवला.

नंतर किती तरी दिवस काही कानावर आलं नाही. मग कॉलेजात एक चर्चासत्र झालं. निवृत्त प्राध्यापिका म्हणून बाईंना बोलावणं होतं आणि पाहुणा वक्ता म्हणून शार्दूलला. बाई पहिल्या रांगेत बसल्या. शार्दूलनं दिवे मालवायला सांगितले आणि पडद्यावर तेरड्यांची चित्रं दाखवायला लागला. बोलत होता चांगलं, हे बाईंनाही मान्य करावं लागलं. मग पडद्यावर त्यांचाच कातळ आला. त्यांचाच तेरडा. खाली त्यांनी दिलेलं नाव, आणि त्याच्यावर लाल रेघ.

"ही वेगळी जात नाही," शार्दूल म्हणाला. "खालच्या ओढ्यात जो तांबडा तेरडा आहे, त्याचंच हे कातळावरचं रूप. डीएनएत फरक दिसत नाही. उतारावर मधली सगळी रूपं सापडतात. त्यामुळं हे नाव आता जुन्या नावात विलीन करावं लागेल. लेख स्वीकारला गेला आहे."

अंधारात कुणीतरी खाकरलं. दिवे लागले तेव्हा सगळ्यांच्या नजरा पहिल्या रांगेवर होत्या. त्यांत बाईंनी नापास केलेले होते, बाईंनी ज्यांच्या बढतीला विरोध केला तेही होते. कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं, पण कुणाला वाईटही वाटलेलं दिसत नव्हतं.

बाई उठून व्यासपीठापाशी गेल्या. "हे मला आधी सांगता आलं असतं."

"फोन केला होता मॅडम."

"घरी यायचं."

"आलो असतो. माझ्या हातात कागद असता तर तुम्ही तोही फाडला असतात." शार्दूल हळू आवाजात बोलला, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल इतपत. त्यानं ते मुद्दाम केलं होतं. इथं, याच कॉलेजात सांगायचं म्हणून त्यानं हे चर्चासत्राचं निमंत्रण घेतलं होतं, हे बाईंना त्या क्षणी कळलं. त्यांनीही असंच केलं असतं.

दुसऱ्याच दिवशी बाईंनी सॅक भरली. शार्दूल खोटा आहे असं त्यांना म्हणायचं नव्हतं, तो घाईत आहे एवढंच त्यांना सिद्ध करायचं होतं. मधली रूपं म्हणे. त्यांनी स्वतः तो कातळ इतका पाहिला होता, त्यांना कधी दिसली नव्हती. पण हेही खरं, की त्या आधी अंगणातल्या वाटेनं आणि नंतर वळशानं कातळावर जात आणि तशाच परत येत. कातळापासून ओढ्यापर्यंतचा सरळ उतार त्यांनी कधी तुडवला नव्हता. तो मंगलच्या हद्दीतून जात होता. शार्दूल तिथूनच उतरला असणार.

मंगल अंगणात म्हशीला वैरण टाकत होती. कुत्रा भुंकत धावून आला. तिनं त्याला लगेच आवरलं नाही.

"मला या उतारावरून ओढ्यापर्यंत जायचं आहे," बाई म्हणाल्या.

"न्हाई जायचं."

"त्या पुण्याच्या शार्दूलला जाऊ दिलंस."

"त्यानं इचारलं. बसला, भाकरी खाल्ली, माझ्या सासूला नमस्कार केला. तुमी आमाला गार्ड दावला."

 विनवणी बाईंना येत नव्हती, म्हणून त्यांनी जे होतं ते सांगितलं. "तो म्हणतो, तुमचा पांढरा तेरडा वेगळी जात नाही. तो खरा ठरला तर तो बोर्ड तिथं ठेवायला काही कारण उरत नाही. मी खरी ठरले तर बोर्ड राहील. ते बघायला उतरायचंय."

मंगलनं हातातली वैरण खाली टाकली. तिच्या डोक्यात हिशेब झालेला बाईंना दिसला.

"मग मी येती संगं," ती म्हणाली. "तुमी एकल्या गेलात तर खोटं सांगाल."

अशा त्या दोघी आधी वर चढल्या आणि मग कातळावरून खाली उतरायला लागल्या. पुढं बाई, मागं विळा घेऊन मंगल. पाऊस भुरभुरत होता. वरच्या टोकाला सगळं बाईंच्या मनासारखं होतं, लव दाट, शेपटी आखूड, फूल दुधासारखं पांढरं. त्यांनी मान वर करून मंगलकडं पाहिलं. मंगल म्हणाली, "मला काय बघता, फुलाला बघा."

थोडं खाली एक खडकाळ टप्पा होता. तिथल्या फुलांना कडेनं गुलाबी झाक होती. बाईंनी पट्टी लावली. शेपटी थोडी लांब. होतं असं कधी कधी, त्या स्वतःशीच म्हणाल्या. आणखी खाली पानावरची लव विरळ झाली. मग अशी झाडं लागली, की एकाच दांड्याला खालची पानं गुळगुळीत आणि वरची लव असलेली. शेपट्या कुठल्याच बाजूच्या नव्हत्या. बाई दर टप्प्यावर बसत, भिंग डोळ्याला लावत, पट्टी लावत. कुठं रेघ ओढावी? इथं म्हणावं तर पलीकडच्या झाडावर तेच. तिथं म्हणावं तर अलीकडं तेच. आयुष्यभर पोरांना त्यांनी सांगितलं होतं, रेघ निसर्गात दिसली तर ओढा, आपल्या सोयीनं ओढू नका.

एका झाडापाशी त्या फार वेळ थांबल्या. त्याला दोन फुलं होती. एक पांढरं, आखूड शेपटीचं. दुसरं गुलाबी, लांब शेपटीचं. एकाच दांड्यावर.

बाईंनी ते झाड धरलं आणि हिसक्यानं मुळासकट उपटलं.

आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरतं कळत होतं. ते झाड ओढ्यात गेलं असतं तर कुणाला कळलं नसतं.

"उपटायचं न्हाई म्हन्ता ना तुमी?" मागून मंगल म्हणाली.

बाई वळल्या. मंगलच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला मजा वाटत होती, आणि ते रागापेक्षा वाईट होतं. बाईंच्या मुठीत झाड लोंबत होतं, मुळांची माती बुटांवर गळत होती. त्या कातळावर खाली बसल्या. 

मग बाईंनी सॅकमधली लाकडी दाबपेटी काढली, जुन्या पेपरच्या घड्या उलगडल्या आणि ते झाड नीट पसरलं. मुळं धुतली. पान उलटून ठेवलं, म्हणजे लव दिसेल. दोन्ही फुलं कुस्करणार नाहीत अशी अलगद लावली. मग पट्टे आवळले.

"कशाला ठिवलं?" मंगलनं विचारलं.

"याच्यासारखा दुसरा पुरावा नाही," बाई म्हणाल्या. "तो खरा आहे. दोन्ही एकच."

मंगलनं कपाळाला आठ्या घातल्या. "एक कसं? थोरली येगळी, धाकटी येगळी."

"शास्त्रात एकच."

"तुमच्या शास्तराला ठिवा तिकडं. दोन गौरी एक कशा व्हतील? तुमी आधी म्हन्लात नवीन हाय, मग म्हन्लात तोडू नगा, आता म्हन्ता एकच. तुमचं काय ठरलंय का?"

"ठरलंय. आत्ता ठरलं," बाई म्हणाल्या. "बोर्ड काढायला सांगते."

"तेवढं करा. बाकी काय ठरवू नगा," मंगल म्हणाली आणि विळ्यानं वाटेतलं गवत बाजूला सारत वर निघून गेली.

बाईंनी वाळवलेलं झाड शार्दूलकडं पाठवलं. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव, एस. खासनीस, एवढंच. त्याच नियतकालिकात त्यांनी छोटं टिपण दिलं, की आपली जात टिकत नाही, शार्दूलचा निष्कर्ष बरोबर आहे आणि मधल्या रूपाचा नमुना आपण स्वतः गोळा केला आहे. वनस्पतींच्या शास्त्रात एकदा रीतसर दिलेलं नाव पुसलं जात नाही. ते जुन्या नावाच्या पोटात, बारीक अक्षरांत कायम राहतं. गंगाधरराव समजूत घालायला तेच म्हणाले. बाई म्हणाल्या, "चुकल्याची पावती कायमची राहते असं म्हणा." मग त्या आत गेल्या आणि स्वयंपाकघरात भांड्यांचा बराच आवाज झाला.

शार्दूलचा फोन आला.

"मॅडम, तो नमुना... मी तीन वर्षं फिरलो, पण असा मला मिळाला नव्हता. आभार मानायचे होते."

"मानू नकोस. तू उद्धट आहेस, चार लोकांत माणसाचा पाणउतारा करतोस, आणि हे माझ्याकडूनच शिकलास असं म्हणायची गरज नाही, मला ठाऊक आहे. फक्त बरोबर आहेस. आणि तुझ्या लेखातलं तिसरं चित्र चुकलंय. पाकळीची वरची बाजू खाली दाखवलीस."

पलीकडं कागद चाळल्याचा आवाज आला. चित्र खरंच उलटं छापलं होतं. शार्दूलनं फोन ठेवला. त्यानंतर त्या दोघांचा संबंध एवढाच उरला, की एकाचं काही छापून आलं की दुसरा त्यातल्या चुका कळवतो. नमस्कार, खुशाली काही नाही.

बोर्डाचं काम मात्र सोपं नव्हतं. बोर्ड लावला तेव्हा जो साहेब होता तो बदलून गेला होता. नवा साहेब म्हणाला, लावायचा आदेश आहे, काढायचा आदेश नाही, आणि तुमच्याच अर्जावर लावलाय. बाईंनी टेबलावर हात आपटला, अर्जावर अर्ज दिले, शिपायाला बोलल्या, साहेबाला बोलल्या. काही हललं नाही. पुढच्या श्रावणात एका सकाळी बोर्ड जागेवर नव्हता. खांब तेवढे उभे. गार्ड तडक मंगलच्या दारात गेला आणि तिला दमात घ्यायला लागला. त्याच दिवशी बाई हिर्डोशीत उतरल्या होत्या. त्यांनी अंगणाबाहेर उभं राहून ऐकलं आणि मग मध्ये पडल्या.

"बोर्ड काढा म्हणून खात्याला लिहिणारी मी आहे. तक्रार करायची तर माझ्यावर कर. नाव लिहून घे, खासनीस. स्पेलिंग चुकवू नकोस."

गार्ड बाईंना ओळखून होता. तो पुटपुटत निघून गेला. मंगलनं बाईंकडं पाहिलं. बोर्ड कुणी काढला हे तिनं सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. चहाचंही कुणी काही बोललं नाही. काट्या मात्र वाटेवर नव्हत्या, एवढं बाईंच्या लक्षात आलं.

त्या वर्षी गौरीच्या आदल्या दिवशी भोरच्या स्टँडवर हिर्डोशीची एसटी खचाखच भरली. सणाला माहेरी निघालेल्या बायका, पिशव्या, केळीचे घड, रडणारी पोरं. बाईंनी खिडकीची जागा धरली होती, कारण कातळाच्या पलीकडच्या अंगाला एक गवत त्यांना बघायचं होतं. त्यांच्या शेजारची जागा तेवढी मोकळी होती. तिथं कुणी बसत नव्हतं. मंगल बाजार करून मागच्या दारानं चढली, इकडंतिकडं बघितलं, दुसरी जागा नव्हती. ती बाकाशी येऊन उभी राहिली.

"सरका," ती म्हणाली.

बाई सरकल्या. मंगलनं पिशवी मांडीवर घेतली आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. धरणाच्या वळणांवर गाडी हेलकावे खात होती आणि दोघींचे खांदे एकमेकींना लागत होते. हिर्डोशी येईपर्यंत दोघी आपापल्या बाजूला रेटत राहिल्या.